लोंबीत न थांबणारा दाणा

गणपतीच्या दोन दिवस आधी लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात मी देवभात मागितला. दुकानदार काकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि वरीचं पोतं पुढं ओढलं. "देवभात आता कुठला ओ ताई? वरीच नेत्यात सगळी." तिथून कपिलतीर्थ मंडईत गेले. ऋषीच्या भाजीचे वाटे मांडून बायका ओळीनं बसल्या होत्या. अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, तांबडा भोपळा, अंबाडी, मक्याची कणसं, सगळं होतं. देवभात नव्हता. एका वयस्क मावशींनी मात्र नाव ऐकून हात थांबवला. त्यांच्या सासूबाई तळ्याकाठचा देवभात आणायच्या, तांबडं फुटायच्या आत जाऊन. "उशीर झाला की सगळा पाण्यात," एवढंच म्हणून त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळल्या.

मावशींच्या त्या एका वाक्यात माणसाच्या शेतीचा सगळा इतिहास आहे, हे मला पुढं वाचत गेल्यावर कळलं. तो दाणा पाण्यात का पडतो, आणि आपल्या शेतातला भात का पडत नाही, या दोन प्रश्नांमागं लागलं की कोल्हापूरच्या डबक्यातून माणूस थेट आफ्रिकेतल्या नायजर नदीपर्यंत जाऊन पोचतो.

देवभात म्हणजे रानभात. कुणी चिखलणी केली नाही, तरवा टाकला नाही, लावण केली नाही, तरी तळ्याच्या काठाला, ओढ्याच्या डबक्यात, खाचराशेजारच्या चरात आपला आपण उगवून येणारा भात. वनस्पतिशास्त्रात याची दोन नावं आहेत. जिथं बारमाही पाणी असतं तिथं वर्षानुवर्षं जगतो तो ओरायझा रुफिपोगॉन. पावसाळ्यात भरून उन्हाळ्यात आटणाऱ्या उथळ डबक्यात, एकाच वर्षात जन्म-मरण उरकून दाणे मागं ठेवतो तो ओरायझा निवारा. काही अभ्यासक दोघांना एकाच जातीची दोन रूपं मानतात. रुफिपोगॉन या नावाचा अर्थ तांबूस दाढीवाला. ही दाढी म्हणजे कुसळं. आपल्या बहुतेक भातांना कुसळ नसतं किंवा असलं तर जेमतेम असतं. रानभाताच्या एकेका दाण्याला बोटभर लांब, खरखरीत कुसळ असतं. टरफल काढलं की आतला तांदूळ तांबडा निघतो.

निवारा हे नाव एस. डी. शर्मा आणि एस. व्ही. एस. शास्त्री या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये दिलं. ते त्यांना संस्कृतात तयारच सापडलं. नीवार म्हणजे न पेरता आलेला भात, मुनींचं अन्न. पाणिनीनं अष्टाध्यायीत या एका धान्याचं नाव कसं सिद्ध होतं हे सांगायला वेगळं सूत्र खर्ची घातलं आहे. अक्षर न् अक्षर वाचवणारा हा माणूस तळ्याकाठच्या गवताच्या दाण्यापाशी थांबतो, याचं मला फार नवल वाटतं. अमरकोश नीवाराला तृणधान्यात घालतो. चरकसंहितेत तो साव्याच्या पंगतीला आहे. तैत्तिरीय आरण्यकातल्या नारायणसूक्तात हृदयातल्या ज्योतीच्या बारीकपणाला उपमा दिली आहे ती नीवाराच्या कुसळाची. ज्यानं ती उपमा योजली त्यानं ते पिवळसर, उन्हात चमकणारं, केसासारखं टोक डोळ्यांजवळ धरून पाहिलेलं असणार.

कालिदासानं तर त्याहून नेमकं पाहिलं. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात रथातून येणारा दुष्यंत आसपासच्या खुणांवरून तपोवन ओळखतो. त्यातली एक खूण अशी, की झाडांच्या ढोलीत पोपट राहतात आणि ढोलीच्या तोंडातून खाली नीवाराचे दाणे सांडलेले आहेत. रघुवंशात वसिष्ठांच्या आश्रमातली हरणं नीवारातला आपला वाटा मागत पर्णकुटीची दारं अडवून उभी राहतात. माणूस, पाखरू आणि हरीण एकाच धान्यावर जगत होते, असं ते चित्र आहे.

आता ऋषिपंचमीकडं येते. भाद्रपद शुद्ध पंचमीला सप्तर्षींची आणि अरुंधतीची पूजा होते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा दंडक. म्हणून परसातल्या, कुंपणावरच्या, हातानं लावलेल्या भाज्या, आणि भाताच्या जागी देवभात. व्रताची कथा बायकांच्या विटाळाभोवती फिरते. ती मला मान्य नाही, आणि ती मी माझ्या मुलीला सांगितलेली नाही. पण ताटाचा नियम मी सोडायला तयार नाही. वर्षातून एक दिवस नांगराच्या आधीचं जेवण जेवायचं, ही आठवण कुठल्याही ग्रंथापेक्षा घट्ट टिकली आहे. आपल्याकडं देवभाताच्या लोंब्या गणपतीनंतर पिकू लागतात. त्यामुळं पंचमीला शिजायचा तो मागल्या हंगामात वेचून, सुकवून, मडक्यात जपलेला असायचा. म्हणजे त्या एका दिवसासाठी आदल्या वर्षीच कुणीतरी पहाटे उठलेलं असायचं.

हा नियम केवळ आपला नाही. विदर्भाच्या पूर्वेला लागून असलेल्या छत्तीसगडात, आपल्या पंचांगाप्रमाणे श्रावण वद्य षष्ठीला, कमरछठ असते. बलरामाचा, म्हणजे नांगर खांद्यावर घेणाऱ्या देवाचा, तो जन्मदिवस. लेकरांसाठी आया उपास करतात आणि नांगरलेल्या जमिनीतलं काहीही खात नाहीत. पानात असतो तो पसहर चाऊर. तोच रानभात, नाव वेगळं. उत्तर प्रदेशात त्यालाच तिन्नी म्हणतात आणि तो उपासाला चालतो. हजार-दीड हजार किलोमीटरच्या पट्ट्यात, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या बायकांनी एकच गोष्ट मनाशी धरून ठेवली, की हा भात शेतीच्या बाहेरचा आहे.

तो शेतीच्या बाहेर राहिला याचं कारण मावशींनी सांगितलं ते, तो थांबत नाही. भाताची लोंबी जवळून पाहा. प्रत्येक दाणा एका बारक्या देठावर बसलेला असतो. रानभातात त्या देठाच्या टोकाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो. दाणा भरला की हा थर सुटू लागतो, पिकलं पान फांदीपासून सुटतं तसाच. मग वाऱ्याची झुळूक, बगळ्याचा धक्का, म्हशीचं शेपूट, काहीही पुरतं. त्यातून सगळे दाणे एका वेळी पिकत नाहीत. शेंडा आधी, बूड मागाहून. एका काडीची लोंबी आज, शेजारचीची आठ दिवसांनी. म्हणजे कोयता घेऊन गेलात तर काही दाणे कच्चे असतात आणि बाकीचे आधीच चिखलात गेलेले असतात.

भाताच्या बाजूनं पाहिलं तर यात केवढं शहाणपण आहे! दाणा पडतो तो कुसळ घेऊन पडतो. कुसळावर डोळ्यांना न दिसणारे काटे असतात, सगळे एकाच दिशेला वळलेले. बोट एका बाजूनं फिरवलं तर गुळगुळीत, उलट फिरवलं तर करवत. या काट्यांमुळं दाणा चिखलात पुढंच सरकतो, मागं येत नाही. जनावराच्या केसात अडकला तर दुसऱ्या डबक्यापर्यंत जातो. पडल्यावर लगेच उगवतही नाही. परतीच्या पावसाला फसून तो उगवला तर उन्हाळ्यात मरेल, म्हणून तो झोपून राहतो, डबकं आटतं, भेगा पडतात, तरी झोपलेला असतो, आणि मृगाचा पाऊस आला की डोळे उघडतो.

आता आजऱ्याचं खाचर आठवा. घनसाळ पिकलेला आहे, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि जो शिजताना शेजारच्या घरात कळतो. तो कापला, पेंढ्या बांधल्या, खळ्यावर आणून झोडपला, तेव्हा कुठं दाणा सुटतो. मळणी हे एवढं मोठं काम आपल्यामागं लागलं ते भातानं दाणा सोडायचं विसरल्यामुळं. आणि शेतकरी वेळेवर आला नाही तर? परतीच्या पावसात भिजलेल्या उभ्या लोंबीत मोड येतात, हे भुदरगड-राधानगरीच्या शेतकऱ्यांना मी सांगायला नको. रानात असा भात एका पिढीत संपला असता. माणसाच्या हाताशिवाय त्याला आता आपली पोरं जमिनीपर्यंत पोचवता येत नाहीत.

हे विसरणं नेमकं कुठं झालं, तेही सापडलं आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी आपला साधा भात आणि ओरायझा निवारा, म्हणजे चक्क आपला देवभात, यांचा संकर करून त्याची संतती तपासली. दाणा गळणं ज्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे तो जनुक त्यांनी हुडकला. भाताच्या जनुकीय पोथीत सुमारे ३९ कोटी अक्षरं आहेत. त्यातल्या या जनुकातलं एक अक्षर बदललं आहे. एक! दाण्याखालचा तो थर त्यामुळं अर्धवट बनतो आणि दाणा लोंबीत अडकून राहतो. पुढं आणखी काही जनुकांचा हातभार आहे, तरी पहिलं कुलूप हे.

असा एखादा वेडा, दाणा धरून ठेवणारा ताटवा रानात अधूनमधून उगवत असणारच. वेचणारीच्या टोपलीत काय आलं? जे दाणे थांबले तेच. पडलेले पाण्यात गेले. त्या टोपलीतले मूठभर तिनं पुढच्या वर्षी चिखलात टाकले, तर थांबणाऱ्यांची संख्या थोडी वाढणार. असं किती वर्षं चाललं असेल? चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्याजवळ तियानलुओशान नावाची जागा आहे. तिथं सुमारे ६,९०० ते ६,६०० वर्षांपूर्वीचा भाताचा कोंडा पाण्याखालच्या गाळात टिकून राहिला. पुरातत्त्वज्ञांनी एकेका दाण्याच्या बुडाची खूण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आपण होऊन गळलेल्या दाण्याची खूण गुळगुळीत असते, झोडपून काढलेल्याची फाटकी. न गळणाऱ्या दाण्यांचं प्रमाण तीनशे वर्षांत २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेलं होतं, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. तीनशे वर्षं म्हणजे बारा-पंधरा पिढ्या. प्रत्येक पिढीतल्या बाईला वाटलं असेल की आपण फक्त भात आणतोय.

आता आफ्रिका. जगात भाताच्या दोन डझनांच्या आसपास जाती आहेत आणि माणसानं त्यातल्या फक्त दोन शेतात आणल्या. एक आपली आशियाई. दुसरी, आपल्याकडं जिचं नाव क्वचितच ऐकू येतं ती, ओरायझा ग्लॅबेरिमा. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात नायजर नदी वाळवंटाच्या तोंडाशी फाटे फुटून पसरते. तिथं सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी, आपल्या भाताची काही कल्पना नसताना, आपला स्वतःचा भात घडवला. माली देशातल्या जेन्ने-जेनो या प्राचीन वस्तीच्या उत्खननात त्याचे इसवी सनापूर्वीचे दाणे सापडले आहेत. तो घडला ज्या रानभातापासून त्याचं नाव ओरायझा बार्थाय, एकोणिसाव्या शतकातला जर्मन प्रवासी हाइनरिश बार्थ याच्यावरून ठेवलेलं.

हा बार्थाय दिसायला देवभाताचा भाऊच. आटणाऱ्या डबक्यात वाढतो, लांब खरखरीत कुसळं, तांबडा दाणा, आणि थांबत नाही. माली, चाड या भागांत लोक तो आजही गोळा करून खातात. पद्धत ऐका. हातात टोपली किंवा भोपळ्याचं कोरलेलं भांडं घ्यायचं आणि पिकलेल्या लोंब्यांवरून कोयत्यासारखं फिरवायचं. कापायचं काही नाही. जे सुटायला आलेत ते दाणे टोपलीत पडतात, बाकीचे राहतात. चार दिवसांनी पुन्हा यायचं. दुसरी रीत म्हणजे दाणे पिकायच्या आधीच लोंब्यांच्या जुड्या बांधून ठेवायच्या, म्हणजे पडणारा दाणा जुडीतच अडकतो. मध्य भारतात पसहर गोळा करतानाही लांब कुसळांची अशीच गाठ मारतात. चाडमधल्या बाईनं छत्तीसगडच्या बाईला कधी पाहिलं नाही. दोघींना शिकवलं ते भातानं.

याहून मोठा योगायोग जनुकात आहे. आफ्रिकी भातात दाणा थांबवणारा बदल शोधला, तेव्हा तो त्याच जनुकात निघाला. जागा वेगळी, चूक वेगळी, कुलूप तेच. आपल्याकडं एका अक्षरानं जनुकाचा अर्थ थोडा बदलला. आफ्रिकेत एका अक्षरामुळं वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडला. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि सोबत एक विलक्षण गोष्ट कळली. त्या पूर्णविरामामुळं आफ्रिकी भाताचा दाणा आपल्या रानटी पूर्वजापेक्षा लहान झाला. धान्य माणसाच्या हाती आलं की दाणे मोठे होतात, असं आपण शाळेत शिकलो. इथं लोकांनी लहान दाणा पत्करला, कारण तो थांबत होता.

आफ्रिकेत आणखी एक रानभात आहे, ओरायझा लाँजिस्टॅमिनाटा. जुन्या पुस्तकांत यालाच बार्थाय म्हटलेलं असायचं, त्यामुळं वाचताना गोंधळ होतो. हा माणसाच्या उंचीपर्यंत वाढतो आणि चिखलाखालून, हळदीच्या गड्ड्यासारखी, आडवी खोडं पसरत वर्षानुवर्षं जगतो. ज्याच्या शेतात शिरला त्याला नकोसा, पण उपासमारीच्या दिवसांत त्याचे दाणे माणसाला तगवतात. मालीतून आणलेलं याचं एक वाण कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत होतं. भातावर कडा करपा पडतो, पानं कडेनं पिवळी पडत वाळत जातात. तिथल्या एस. देवदत्त यांच्या लक्षात आलं की या आफ्रिकी गवताला करपा शिवतच नाही. ते फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गेलं, पंजाबात वाढलेल्या गुरदेव खुश यांच्या गटानं त्याचा तो गुण लागवडीच्या भातात उतरवला, आणि १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पामेला रोनाल्ड यांच्या गटानं जनुक वेगळा काढला. त्याचं नाव एक्सए २१. २००७ मध्ये आपल्या देशात सुधारित पुसा बासमती-१ हे वाण आलं, त्यात हा जनुक आहे. बासमतीच्या घमघमाटामागं मालीच्या दलदलीतलं एक गवत पहारा देत उभं असतं, हे आपल्याला जेवताना कुणी सांगत नाही.

देवभाताचं आपल्यावरचं ऋण तर त्याहून जुनं आहे. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियात तपकिरी तुडतुडे वाहून आणत असलेल्या एका विषाणूनं, ज्यानं भात खुरटून गवतासारखा होतो, शेतंच्या शेतं बसवली. फिलिपाइन्सच्या त्याच संस्थेनं सहा हजारांहून अधिक वाणं तपासली. टिकलं ते एकच, उत्तर प्रदेशातून गोळा केलेलं ओरायझा निवाराचं. तळ्याकाठच्या त्या एका वाणाचा गुण १९७४ पासून नव्या जातींत आला, आणि १९७६ मधला आय. आर. ३६ पुढं जगात एक कोटी हेक्टरांहून अधिक जमिनीवर पिकला. मुनींचं अन्न म्हणून ज्याला पूजेच्या पानात जागा होती, त्यानं कोट्यवधी ताटं भरली.

चीनच्या हायनान बेटावरची गोष्ट अशीच. युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना १९७० च्या नोव्हेंबरात एका दलदलीत रानभाताचं असं एक रोप दिसलं, की ज्याचे परागकण वांझ होते. संकरित भाताचं बी मोठ्या प्रमाणात करायचं तर असंच मादी रोप लागतं. त्या एका रोपाच्या वंशातून चीनचा संकरित भात उभा राहिला. आपल्या कर्जतच्या केंद्रातून १९९८ मध्ये आलेला सह्याद्री हा संकरित भातही मातृपक्षानं त्याच हायनानच्या रोपाकडं जातो. कोकणातल्या खाचरात सह्याद्री डोलताना पाहिला की मला ते दलदलीतलं एकटं रोप आठवतं.

आणि कोल्हापूरच्या ऊसकऱ्याला आवडेल अशी एक गोष्ट. आपल्याला लागण, खोडवा, निडवा हे शब्द कुणी शिकवावे लागत नाहीत. चीनच्या युन्नान प्रांतात हू फेंगयी यांच्या गटानं आशियाई भात आणि तो आफ्रिकी लाँजिस्टॅमिनाटा यांच्या संकरातून भाताचा खोडवा घडवला. नाव पीआर २३, शेतकऱ्यांसाठी २०१८ मध्ये प्रसारित. एकदा लावला की चार वर्षांत आठ कापण्या, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. दर हंगामाला चिखलणी नाही, तरवा नाही, कंबर मोडणारी लावण नाही. नांगर न लावता आलेला भात खायचा, हे पंचमीचं व्रत आता प्रयोगशाळेतून शेतात उतरतं आहे. आपल्या उसाचीही हीच कथा आहे. कोइमतूरला कास या रानगवताशी जाड उसाचा संकर केला, त्यातून १९१८ मध्ये को २०५ आला, आणि आज पंचगंगेच्या काठानं उभा असलेला को ८६०३२ त्याच घराण्यातला.

रानभाताची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण शेतकऱ्याला तो नेहमीच देवाचा वाटत नाही. चंदगड-आजऱ्याकडं धूळवाफ पेरणी होते, म्हणजे पावसाच्या आधी कोरड्या मातीत भात पेरतात. अशा पेरणीच्या शेतात रानभात शिरला तर लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही. लावणीच्या शेतात निदान रोपांच्या ओळी तरी असतात. छत्तीसगडात या घुसखोराला करगा म्हणतात. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या रानभातांचं वर्गीकरण १९२१ मध्येच एस. सी. रॉय यांनी केलं होतं, एवढा तो त्रास जुना. त्यावर उपाय म्हणून जांभळ्या पानांचा भात पेरला गेला. हिरवं दिसेल ते उपटा, सोपं काम. पण भात वाऱ्यावर थोडा का होईना परस्परांशी मिसळतो. काही हंगाम गेले, आणि करग्याची पानंही जांभळी होऊ लागली. हे वाचून मी हात जोडले.

या मिसळण्यातच देवभाताला धोका आहे. खाचर आणि डबकं शेजारी असलं की शेतातल्या भाताचा पराग देवभातावर येतो आणि त्याचं रानटीपण पिढीगणिक पातळ होत जातं. त्याहून साधा धोका जेसीबीचा. डबकं भरून प्लॉट पडतो, चर काँक्रीटचा होतो, तळ्याचा काठ दगडी बांधून त्यावर बाकं बसतात. देवभाताला हवा असतो तो ना धड पाणी ना धड जमीन असा हातभर रुंदीचा उतार, आणि सुशोभीकरणात पहिला जातो तो तोच. वाण शीतगृहात जपून ठेवता येतं, ते ठेवलंही जातं. पण बाटलीतलं बी पुढच्या वर्षीच्या रोगाशी झुंजायला शिकत नाही. डबक्यातलं शिकतं.

म्हणून माझं एक सांगणं आहे. तुमच्या गावच्या तळ्याचा काठ बांधायचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा निदान एक बाजू मातीची ठेवा, असं उठून म्हणा. आणि दसऱ्याच्या आगेमागे एकदा पहाटे त्या काठावर जा. भातासारखंच गवत दिसेल, पण अंगानं पसरलेलं, लोंबीला लांब तांबूस कुसळं असलेलं. कापू नका, उपटू नका. लोंबीखाली तळहात धरा आणि दुसऱ्या हातानं देठाला नुसता धक्का द्या. जे दाणे तुमच्या हातात पडतील ते पिकलेले आहेत. ऊन वर यायच्या आत जा, नाहीतर ते पाण्यात पडलेले असतील.